काठावरच्या पेशी

बादलीचं झाकण उघडलं की फॉर्मालिन आधी डोळ्यांत जातं.
एकतीस वर्षं झाली, तरी जातं.
आत दावासुरेनचं यकृत, नऊशे चाळीस ग्रॅम,
गाठीगाठींचं, तूल नदीच्या काठी गोठलेल्या गोट्यांसारखं.
रंग जुन्या बुरणुसाचा.

उलानबातर. बाहेर उणे चौतीस,
खिडकीला कोळशाचा धूर टेकून उभा.
वरच्या मजल्यावर दोन खाटा :
एकीवर तो, त्याच कोळशाचा ट्रक चालवणारा,
दुसरीवर उयांगा, धाकटी, शाळेत भूगोल शिकवते.
तिच्या यकृताची उजवी बाजू काल रात्रीपासून त्याच्यात आहे.
सही करताना तिनं एवढंच विचारलं म्हणे,
"मार्चपर्यंत उभी राहीन ना? नद्या राहिल्यात शिकवायच्या."

आमच्यात रक्ताच्या माणसांना म्हणतात एलगेन सादन,
काळजाचे सोयरे.
आई हे म्हणताना हात छातीवर नाही,
उजव्या बरगडीखाली ठेवायची.
मला वाटायचं, तिथे दुखतंय तिला.
(दुखतही होतं. पण ते नंतर कळलं.)

मी माणसं पाहत नाही. मी तुकडे पाहते.
मेणात बुडवते, केसाहून पातळ कापते,
मग तो तपकिरी रंग, जो फक्त त्या पितात.

उयांगाच्या आत आत्ता काय चाललंय, ते पुस्तकात आहे :
उरलेल्या पेशी, जुन्या, कामकरी,
साखरेचा, पित्ताचा, विषाचा हिशेब ठेवणाऱ्या,
हातातलं काम न सोडता दुभंगतात.
एकीच्या दोन. दोनाच्या चार.
मूळपेशींना तिथे कुणी उठवतही नाही.

दावासुरेनचं तसं नव्हतं.
लहानपणी गावच्या दवाखान्यात एक सुई, अर्धवट उकळलेली,
सगळ्या वर्गाला. तिथून सुरुवात असावी.
फाइलही "असावी"च म्हणते.
पुढे चाळीस वर्षं कामकऱ्यांनी मरून पुन्हा पुन्हा जागा भरल्या,
आणि एक दिवस त्यांच्याच्यानं होईना.

तेव्हा ह्या उठल्या.
पित्ताच्या बारीक वाटा जिथे संपतात, त्या काठावरून.
लहान, सावळ्या, अजून काय व्हायचं ते न ठरवलेल्या,
रांगा धरून निघालेल्या,
व्रणाच्या भिंतींत वाट चुकून
पुन्हा पुन्हा त्याच कोपऱ्यात आलेल्या.
मोजायला लागले. दोनशेच्या पुढे सोडून दिलं.

डॉक्टर बायारमाग्नाइ नवे आहेत, उत्साही आहेत.
म्हणाले, क्योतोत ह्यांना बशीत वाढवतात.
एक दिवस बहिणीला कापावं लागणार नाही, त्सेरेनदुलाम.
मी म्हटलं, होवो.
"एक दिवस" हा शब्द मी पुष्कळ काचांवर चिकटवलाय.

अहवालात खाली शेऱ्याची जागा असते.
मी लिहिलं : शेवटपर्यंत प्रयत्न चालू होते.
त्यांनी ते खोडलं. हे निदान नाही, म्हणाले.
बरोबर आहे. नाहीच.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उयांगा खाली आली,
एका हातात चित्रफीत, दुसरा पोटावर.
वजन जवळजवळ पूर्वीइतकं. आकार नाही.
गेर उतरवून दुसऱ्या कुरणात उभारला
तर दार दक्षिणेलाच असतं, जमीन तेवढी वेगळी.
म्हणाली, दादाचं जुनं पाहता येईल?
असं कुणी मागत नाही.
मी काच ठेवली, भिंग फिरवून दिलं,
मीठ घातलेला दुधाचा चहा तिच्यापुढे सरकवला.

बराच वेळ गेला.
"ह्या नद्या कुठल्या बाजूला वाहतात?"
रक्त एकीकडे, पित्त उलट्या दिशेला, मी म्हटलं.
"आणि काठावर ह्या कोण?"

मी सांगत होते तोवर तिनं डोळा उचलला नाही.
चहावर साय धरली.